मानसशास्त्राची पदवी आणि तिच्यासाठीं काढावयाचें कर्ज

आर्णीसारख्या गांवीं 'कर्ज' हा शब्द कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. मृगापूर्वीं सोसायटींतून किंवा बँकेंतून पीककर्ज उचलावें, कापूस-सोयाबीन घरीं आलें म्हणजे तें फेडावें आणि पुढील हंगामास पुन्हां उचलावें, हा क्रम अरुणावतीच्या दोन्ही कांठांवर घरोघरीं चालत आलेला आहे. परंतु अलीकडे कर्जाचा एक निराळाच प्रकार आमच्या घरांत शिरूं लागला आहे, व त्याची रीत पुष्कळ पालकांस अपरिचित आहे. तो प्रकार म्हणजे शैक्षणिक कर्ज. बारावीच्या वर्गांतील विद्यार्थी, आणि त्यांतही विद्यार्थिनी, हल्लीं मानसशास्त्राची बी. ए. करावी असा मनोदय बोलून दाखवितात. दूरच्या शहरांतील खासगी विद्यापीठांचीं सुबक माहितीपत्रकें त्यांच्या हातीं येतात. त्यांत वर्षाचें शुल्क लाख-दोन लाख रुपये, कोठें त्याहूनही पुष्कळ पुढें, असें छापलेलें असतें. आणि शेवटच्या पानावर 'कर्जाची सोय आहे' असें एक गोड वाक्य असतें. ह्या वाक्याचा अर्थ काय, व मानसशास्त्राच्या पदवीनें पुढें जी मिळकत होते तिच्यांत हें कर्ज बसतें किंवा नाहीं, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम विषयाविषयीं. मानसशास्त्र हें कांहीं दुसऱ्याच्या मनांतील ओळखण्याची विद्या नव्हे. १८७९ सालीं जर्मनींत लाइपझिग येथें विल्हेल्म वुंट ह्यांनीं प्रयोगशाळा उघडली तेव्हांपासून हें शास्त्र निरीक्षण, मापन आणि गणित ह्यांच्या आधारें चालतें. आपल्या देशांत कलकत्ता विद्यापीठानें १९१६ च्या सुमारास त्याचा स्वतंत्र विभाग काढला. महाराष्ट्रांत मानसशास्त्राचे अभ्यासक डॉ. वि. वि. उर्फ अप्पा पेंडसे ह्यांनीं १९६२ सालीं पुण्यास 'ज्ञान प्रबोधिनी'ची स्थापना केली, हें अनेकांस ठाऊक असेल. बी. ए. च्या विद्यार्थ्यास स्मृति, अवधान, बुद्धिमापन, बालकाचा विकास, मनोविकृतींचीं लक्षणें, संख्याशास्त्र इत्यादि प्रकरणें शिकावीं लागतात. संख्याशास्त्राचें नांव ऐकून ज्यांचा चेहरा उतरतो त्यांनीं येथेंच थोडें थांबून विचार केलेला बरा.

आतां मुख्य गैरसमजाकडे वळूं. मानसशास्त्राची बी. ए. झाली कीं मुलगा 'मानसोपचार' करूं लागेल, पाटी लावून बसेल, अशी पुष्कळांची कल्पना असते. वस्तुस्थिति तशी नाहीं. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करावयाचें तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्यानें अस्तित्वांत आली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेंही ह्या पदाची व्याख्या करितांना पदव्युत्तर पदवी आणि तिच्यावर रुग्णालयांतील देखरेखीखालचें दोन वर्षांचें पूर्णवेळ शिक्षण ही वाट सांगितली आहे. म्हणजे तीन वर्षांची बी. ए., दोन वर्षांची एम. ए. व पुढें दोन वर्षें, मिळून सात वर्षें. ह्यांतील शेवटची पायरी बरींच वर्षें एम. फिल. ची होती. विद्यापीठ अनुदान आयोगानें ती पदवी बंद केली, परंतु ह्या विषयापुरती तिला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. तिच्या जागीं नवे अभ्यासक्रम येत आहेत. म्हणून प्रवेश घेणाऱ्यानें त्या त्या वर्षीं परिषदेची मान्यता कोणत्या संस्थेस व कोणत्या अभ्यासक्रमास आहे हें स्वतः पाहून घ्यावें; ऐकीव माहितीवर जाऊं नये. आणखी एक गोष्ट: घरीं बसून, पत्रद्वारा किंवा संगणकावरून मानसशास्त्राची पदवी घेण्याचा जो स्वस्त मार्ग होता, तो आयोगानें जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांस बंद केला. आर्णीच्या मुलींपैकीं ज्यांस बाहेरगांवीं ठेवणें घरास जड जातें, त्यांच्या दृष्टीनें हा फरक लहानसहान नव्हे.

मग नुसत्या बी. ए. वर काय मिळतें? जें कोणत्याही पदवीधरास मिळतें तेंच. तलाठ्याचें पद, ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तें पदवीधरास खुलें आहे व त्याचें मूळ वेतन २५,५०० रुपयांपासून सुरू होतें. पण २०२३ च्या भरतींत ४,६४४ जागांसाठीं दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. शिकाऊ उमेदवारींत पदवीधरास किमान ९,००० रुपये मासिक विद्यावेतन २०१९ च्या नियमांनीं ठरविलें होतें. खासगी कचेऱ्यांत नोकरवर्गाची निवड, ग्राहकांशीं बोलणें, शाळेंतील साहाय्यक अशा कामीं हे पदवीधर घेतले जातात; तेथें मानसशास्त्राचा उपयोग होतो खरा, परंतु त्याच खुर्चीवर वाणिज्य किंवा इतिहास शिकलेलाही बसूं शकतो, आणि वेतन खुर्चीचें असतें, विषयाचें नव्हे.

एम. ए. नंतर दारें थोडीं उघडतात. कनिष्ठ महाविद्यालयांत शिकवावयाचें तर एम. ए. सोबत बी. एड. ही हवी, शिक्षणसेवक म्हणून पहिलीं तीन वर्षें उच्च माध्यमिक स्तरावर २०,००० रुपये मासिक मानधन, हा दर जानेवारी २०२३ पासूनचा. आयोगाची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ति मिळाली तर महिना ३७,००० रुपये. पण ती परीक्षा थोडेच पार करितात. साहाय्यक प्राध्यापकाचें मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून आहे. हा आंकडा ऐकून डोळे दिपतात. परंतु कायम जागा निघतात थोड्या, आणि तोंपर्यंत अनेक पात्र तरुण तासिका-तत्त्वावर, जितके तास शिकविले तितके पैसे, अशा स्थितींत वर्षानुवर्षें काढतात.

येथें कोणी म्हणेल कीं आमच्या जिल्ह्यास तर ह्या शास्त्राची केवढी गरज! तें अक्षरशः खरें आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें यवतमाळचें नांव देशभर गेलें, आणि ह्या दुःखाची झळ न लागलेलीं गांवें थोडीं. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें २०१५-१६ मध्यें बारा राज्यांत पाहणी केली (महाराष्ट्र त्यांत नव्हता). तींत मनोविकार असूनही उपचार न मिळणारांचें प्रमाण विकारपरत्वें ७० ते ९२ टक्के आढळलें. राज्य सरकारनें २०१५ सालीं विदर्भ-मराठवाड्यांतील १४ जिल्ह्यांसाठीं 'प्रेरणा प्रकल्प' काढला, त्यांत यवतमाळ होतें. २०२२ च्या ऑक्टोबरांत 'टेली-मानस' ही दूरध्वनीची सेवा सुरू झाली. १४४१६ ह्या क्रमांकावर कोणासही विनामूल्य बोलतां येतें. शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत 'संगाथ' ह्या संस्थेनें 'विश्राम' नांवाचा उपक्रम चालविला. त्याचे निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाले: नैराश्यानें ग्रासलेल्यांपैकीं उपचार घेणारांचें प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलें. पण ह्या उपक्रमांत गावोगावीं जाऊन लोकांशीं बोलण्याचें काम मुख्यत्वें त्याच भागांतील, थोडक्या दिवसांचें शिक्षण देऊन तयार केलेल्या कार्यकर्त्यांनीं केलें. ह्यावरून जें ध्यानांत यावयाचें तें असें कीं गरज असणें व पगाराची जागा असणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. आडांत पाणी पुष्कळ असेल, पण पोहऱ्यांत येईल तेवढेंच आपलें. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांत व अशा प्रकल्पांत ज्या जागा निघतात त्या बहुधा करारावरच्या असतात, आणि करार संपला म्हणून बँक हप्ता थांबवीत नाहीं.

आतां कर्जाकडे येऊं. कारण मिळकतीचा आंकडा अनिश्चित असला तरी कर्जाचा आंकडा निश्चित असतो. बँकसंघाच्या आदर्श योजनेप्रमाणें चार लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास घर-शेताचें तारण लागत नाहीं, पदरचा वांटाही घालावा लागत नाहीं; मात्र आई किंवा वडील ह्यांस सहकर्जदार म्हणून सही करावी लागते. शिक्षणाचीं वर्षें आणि त्यावर आणखी एक वर्ष हप्ता मागत नाहींत. ह्या सवलतीमुळें पुष्कळ घरांची समजूत होते कीं तोंपर्यंत व्याजही थांबलेलें असतें. तें थांबत नाहीं. त्या काळांत सरळव्याज चढत असतें, आणि हप्ते सुरू होतांना तें मुद्दलांत मिसळतें.

एक उदाहरण करून पाहूं. समजा, एका विद्यार्थ्यानें बी. ए. साठीं दरवर्षीं प्रारंभीं एक लाख, असें तीन वर्षांत तीन लाख रुपये उचलले. व्याजाचा दर हिशेबास सोपा जावा म्हणून शेंकडा दहा धरूं. फेड चार वर्षांनीं सुरू होणार. पहिल्या लाखावर चार वर्षांचें व्याज ४०,०००, दुसऱ्यावर तीन वर्षांचें ३०,०००, तिसऱ्यावर दोन वर्षांचें २०,०००, एकूण ९०,०००. म्हणजे पहिला हप्ता भरण्यापूर्वींच तीन लाखांचे ३,९०,००० झाले. हे सात वर्षांत फेडावयाचे तर महिन्याचा हप्ता सुमारें ६,४७५ रुपये, आणि शेवटपर्यंत भरलेली रक्कम सुमारें ५,४४,०००. हप्ता लहान हवा म्हणून पंधरा वर्षांची मुदत घेतली तर तो सुमारें ४,१९० वर येतो खरा, पण एकूण भरणा साडेसात लाखांच्या वर जातो. गणिताच्या शिक्षकांकडून हें उदाहरण दहावीच्या मुलांनीं अवश्य ताडून पाहावें.

६,४७५ रुपये म्हणजे काय, हें शहरांतील मनुष्यास सांगावें लागेल. आर्णीस निराळ्या मापानें सांगतां येतें. वर्षाचे बारा हप्ते मिळून सुमारें ७७,७०० रुपये होतात. २०२५-२६ च्या हंगामासाठीं मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलास ७,७१० रुपये आहे. म्हणजे वर्षाचा हप्ता बरोबर दहा क्विंटल कापसाइतका. तोही बी-बियाणें, खत, फवारणी, वेचणीची मजुरी ह्यांतील एक पैसाही वजा न करितां. कोरडवाहू एकरांत पांच-सहा क्विंटल उतरला तर आपण समाधान मानतों. तेव्हां मुलाची नोकरी लागेपर्यंत, किंवा लागून सुटल्यावर, हा हप्ता बापावर आला तर दोन एकरांचा कापूस सात वर्षें केवळ ह्या एका पदवीच्या पायीं जाईल.

मुलगा बी. ए. वर न थांबतां एम. ए. ला गेला, तर फेडीची मुदत पुढें ढकलून मिळण्याची सोय बँका बहुधा करितात. परंतु त्या दोन वर्षांत तीन लाखांवर आणखी ६०,००० व्याज चढून देणें साडेचार लाखांचें होतें, आणि एम. ए. चा खर्च निराळा. ज्या पायरीवर खरी मिळकत सुरू व्हावयाची त्या पायरीशीं पोहोंचेपर्यंत पहिल्या पायरीचें ओझें असें वाढत जातें.

पीककर्ज व शैक्षणिक कर्ज ह्यांतील आणखी एक भेद पालकांनीं नीट ध्यानीं घ्यावा. पीककर्ज हंगामाबरोबर चालतें. हा हप्ता महिन्याच्या ठराविक तारखेस येतो, पाऊस पडो वा न पडो. २०१७ सालीं व पुन्हां २०१९ सालीं राज्य सरकारनें शेतकऱ्यांस कर्जमाफी दिली; तींत शैक्षणिक कर्जें नव्हतीं. 'पुढें माफ होईल' ह्या आशेवर कोणी सही करूं नये. शिवाय सहकर्जदार म्हणून वडिलांचें नांव कागदावर असतें. मुलाचे हप्ते थकले तर थकबाकीची नोंद वडिलांच्याही नांवें होते, आणि उद्यां तेच वडील मृगाच्या तोंडावर दुसऱ्या कामासाठीं बँकेंत गेले तर ती नोंद तेथें त्यांच्या आधीं पोहोंचलेली असते.

सरकारी सवलतींविषयींही स्पष्ट माहिती असावी. २००९ सालीं केंद्र सरकारनें शिक्षणकाळांतील व्याज स्वतः भरण्याची योजना काढली. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आंत असलें पाहिजे ही तिची अट. परंतु ती तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती आहे, साधी बी. ए. तींत बसत नाहीं. नोव्हेंबर २०२४ मध्यें मंजूर झालेल्या 'पीएम-विद्यालक्ष्मी' योजनेंत आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांस दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. तिला विषयाचें बंधन नसलें तरी संस्थेचें आहे, सरकारी गुणवत्ता-यादींतील निवडक संस्थांतील प्रवेशासच ती लागू होते. माहितीपत्रकांतील संस्था त्या यादींत आहे काय, हा प्रश्न अर्ज करण्यापूर्वींच विचारावा. अनुसूचित जाति-जमातींच्या विद्यार्थ्यांस, कुटुंबाचें उत्पन्न अडीच लाखांच्या आंत असल्यास, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति आहे. ती कर्ज नव्हे, परत करावी लागत नाहीं. असें असतां केवळ उत्पन्नाचा दाखला वेळेवर न काढल्यामुळें ती गमावणें ही गोष्ट फारच खेदाची.

दुसऱ्या देशांत ह्या प्रश्नाची व्यवस्था कशी लावली आहे हें पाहणें उद्बोधक होईल. अमेरिकेंत विद्यार्थ्यांवरील सरकारी कर्ज १.६ लाख कोटी डॉलरांच्या वर गेलें आहे, आणि तेथें मानसशास्त्राची पदवी घेणारांची संख्याही फार मोठी. म्हणून तेथील सरकारनें २०१५ सालीं एक तक्ता लोकांपुढें ठेवला. कोणत्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यावर सरासरी किती कर्ज होतें आणि शिकून गेल्यावर त्याची मिळकत किती होते, हें त्यांत शेजारीं शेजारीं दिसतें. २०१९ पासून तें विषयवारही पाहतां येतें. इंग्लंडांत निराळी रीत आहे. तेथें पदवीधराची मिळकत ठराविक मर्यादेच्या वर गेली तरच, आणि वरच्या भागाच्या ९ टक्केच, कर्जापोटीं कापून घेतात. मिळकत नाहीं तर हप्ता नाहीं. आपल्याकडे असा तक्ता नाहीं आणि अशी कापणीही नाहीं. आपला हप्ता मिळकतीकडे पाहत नाहीं. तेव्हां हप्त्याकडे पाहून आधीं मिळकतीचा अंदाज बांधण्याचें काम आपल्यावरच पडतें.

माझें मत असें आहे कीं मानसशास्त्राच्या बी. ए. साठीं कर्ज काढूं नये; काढावयाचेंच तर तें पुढील पायरीसाठीं राखून ठेवावें. कारण बी. ए. ही वाटेवरची पायरी आहे, आणि ती थोडक्या पैशांत चढतां येते. विदर्भांतील ज्या अनुदानित महाविद्यालयांत हा विषय आहे तेथें कला शाखेचें वार्षिक शुल्क काही हजारांचें असतें. आर्णीहून यवतमाळ चाळीस-बेचाळीस किलोमीटर, विद्यार्थ्यास एस. टी. च्या मासिक पासांत ६६.६७ टक्के सवलत मिळते. अमरावती-नागपुरास राहावें लागलें तर वसतिगृहाचा खर्च येईल, तरीही तो खासगी विद्यापीठाच्या शुल्काच्या जवळपास जात नाहीं. मात्र प्रवेशापूर्वीं एक चौकशी करावी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवींत एक मुख्य विषय असतो. त्या महाविद्यालयांत मानसशास्त्र मुख्य विषय म्हणून घेतां येतें कीं केवळ जोडविषय म्हणून, हें विचारावें, आणि एम. ए. च्या प्रवेशास काय लागतें तेंही त्याच वेळीं समजून घ्यावें. चौथें वर्ष करून संशोधनासह पदवी घेतल्यास एम. ए. एका वर्षांत होण्याची तरतूद नव्या धोरणांत आहे.

तीन वर्षांनंतर विद्यार्थी वीस-एकवीस वर्षांचा होतो. विषय खरोखर आवडला कीं नाहीं, संख्याशास्त्र पेललें कीं नाहीं, दुःखी मनुष्याजवळ तासभर शांतपणें बसण्याची शक्ति आपल्या अंगीं आहे कीं नाहीं, हें तोंपर्यंत त्याचें त्यास कळलेलें असतें. त्या वेळीं मान्यताप्राप्त संस्थेंत पुढील प्रवेश मिळाला आणि त्यासाठीं कर्ज काढावें लागलें, तर त्यास माझा विरोध नाहीं. मात्र वर्षाचे सर्व हप्ते मिळून पहिल्या वर्षीं हमखास मिळेल अशा वेतनाच्या पांचव्या हिश्श्यापेक्षां अधिक होऊं नयेत, एवढें पाहावें. वीस हजारांच्या मानधनांतून खोलीभाडें व जेवण भागवून साडेसहा हजारांचा हप्ता देणें कसें जड जातें, हें ज्यांनीं शहरांत एकट्यानें दिवस काढले त्यांस विचारावें. संस्थेच्या माहितीपत्रकांतील एखाद्याच यशस्वी विद्यार्थ्याचें छायाचित्र पाहून भुलूं नये. मागील दोन वर्षांत तेथून बाहेर पडलेल्या पांच-सहा जणांस गांठून 'आज काय करितां, काय मिळतें, देणें किती उरलें आहे' असे प्रश्न विचारावेत. लोक सांगतात. आपल्या तालुक्यांतून पुण्या-नागपुरास गेलेलीं मुलें दिवाळीस घरीं येतातच.

आणि ज्यांनीं कर्ज आधींच घेतलें आहे, त्यांच्यासाठीं एक व्यावहारिक सूचना. शिक्षण चालू असतांनाच व्याज भरीत जावें. वरील उदाहरणांत पहिल्या वर्षीं तें महिन्यास ८३३ रुपये, तिसऱ्या वर्षीं २,५०० रुपये पडतें. तें भरलें तर फेडीच्या वेळीं मुद्दल तीन लाखांचें तीन लाखच राहतें व सात वर्षांचा हप्ता ६,४७५ ऐवजीं ४,९८० वर येतो. असें नियमित व्याज भरणारास व्याजदरांत एक टक्का सूट देण्याची तरतूदही बँकसंघाच्या आदर्श योजनेंत आहे, पण ती बहुधा मागितल्याशिवाय कोणी सांगत नाहीं. दरमहा भरणें शेतकरी घरास जमत नसेल, तर कापसाची पहिली वेचणी विकल्यावर वर्षाचें व्याज एकदम भरतां येईल काय, हें शाखा व्यवस्थापकास कर्ज मंजूर होण्यापूर्वींच विचारावें, आणि जें उत्तर मिळेल तें लेखी घ्यावें.